विनूभाऊंचं पिस्तूल

विनूभाऊंना पिस्तूल घ्यायचं आहे. डॅलसच्या उत्तरेला प्लेनो, फ्रिस्को, ॲलन ही उपनगरं एकमेकांना खेटून वसली आहेत. तिथल्या कुठल्याही मराठी घरी जा, चहाच्या आधी ही बातमी तुमच्या हातात पडेल. बातमी तशी जुनी आहे. ती पहिल्यांदा पसरली तेव्हा त्यांची मुलगी दुसरीत होती. आता ती ऑस्टिनला कॉलेजात शिकते, आणि कोणी विचारलंच तर "बाबांचं अजून ठरायचंय" एवढंच सांगते.

ठरायचंय म्हणजे घ्यायचं की नाही हे नव्हे. ते केव्हाच ठरलं. ठरायचंय ते ग्लॉक की सिग.

टेक्ससात पिस्तूल घ्यायला खरं तर एक दुपार पुरते. वयाची एकवीस वर्षं, एक ओळखपत्र, ४४७३ क्रमांकाचा एक फॉर्म. दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडे चौकशी करतो आणि बहुतेकांना काही मिनिटांत होकार येतो. सप्टेंबर २०२१पासून तर ते कमरेला लावून हिंडायला परवानाही लागत नाही. आमच्या गल्लीतला एक गोरा शेजारी खेळाच्या सामानाच्या दुकानात मासे धरायचा गळ आणायला गेला आणि गळाबरोबर पिस्तूलही घेऊन आला. गळ निवडायला जास्त वेळ लागला म्हणे. हे ऐकून विनूभाऊंना घेरी यायची तेवढी राहिली. मोठ्या आशेनं त्यांनी त्याला विचारलं, "कुठलं घेतलंत?" शेजारी थोडा आठवून म्हणाला, "काळं."

विनूभाऊ त्या माणसाशी महिनाभर बोलले नाहीत.

तुम्हाला वाटेल, हा माणूस मिशाळ, करड्या आवाजाचा, बाह्या सरसावून बसणारा असेल. विनूभाऊ एका बँकेचा डेटाबेस सांभाळतात. बुटके आहेत, चष्मा लावतात, अंडंही खात नाहीत. घरात पाल निघाली तर तिला केरसुणीवर घेऊन बागेत सोडून येतात, आणि ती परत आली की पुन्हा सोडून येतात. त्यांच्या घरामागे तळं आहे, तळ्यात बदकं आहेत. त्यांच्या सोसायटीतला आठवणीतला गंभीर गुन्हा म्हणजे कोणीतरी हॅलोविनचा भोपळा पळवला तो. भीती हे कारण त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. बोलताना मात्र त्यांच्या उजव्या हाताची मूठ अर्धवट मिटलेली असते आणि तर्जनी सरळ, चापाच्या बाहेर. वरणभात कालवतानासुद्धा.

विनूभाऊ मूळचे साताऱ्याचे. वडील जिल्हा परिषदेत. वडिलांनी बजाज चेतकचा नंबर लावला होता, आणि तो लागेपर्यंत वर्षांमागून वर्षं घरात फक्त त्या स्कूटरच्या माहितीपत्रकाची घडी वापरात होती. निवड नावाचा प्रकारच नव्हता. स्कूटर म्हणजे चेतक, शाळा म्हणजे घराजवळची, नोकरी म्हणजे जी लागेल ती. अशा घरातल्या मुलासमोर चाळिशीत दोन उत्तम वस्तू येतात, दोन्ही परवडतात, दोन्ही दुकानात हजर असतात आणि मागे रांगेत कोणी ढकलत नसतं. असा ऐवज विनूभाऊ एका दुपारीत उडवून टाकतील कसे?

शिवाय सुरुवातीला कायद्याची अडचण होती. ते एच-१बी व्हिसावर होते, आणि अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत बंदूक बाळगायला मनाई आहे. मात्र कायद्यात एक फट आहे: शिकारीचा वैध परवाना असेल तर चालतं. ही फट सापडली त्या दिवशी विनूभाऊंनी पेढे वाटले. मग १ सप्टेंबर १९७१नंतर जन्मलेल्यांना टेक्ससात शिकारीआधी जो अभ्यासक्रम करावा लागतो, तो त्यांनी रीतसर केला. हरणाला नेमकं कुठे नेम धरावा म्हणजे त्याला त्रास होत नाही, हे प्लेनोमध्ये शुद्ध शाकाहारी माणसाइतकं पोटतिडकीनं कोणी शिकलं नसेल. परवाना दरवर्षी ३१ ऑगस्टला संपतो. त्याच सुमाराला गणपती येतात. त्यामुळे वर्षानुवर्षं त्यांच्या घरी मखराची सजावट आणि हरणं मारायच्या परवान्याचं नूतनीकरण एकाच आठवड्यात होत आलं. परवाना मिळूनही पिस्तूल आलं नाही ते नाहीच. "उगाच फाइलला अडथळा नको," असं ते म्हणत. फाइल म्हणजे ग्रीन कार्डाची. भारतात जन्मलेल्यांची ती रांग चेतकच्या रांगेहून लांब. यथावकाश ग्रीन कार्ड आलं. त्या संध्याकाळी सगळे खूश होते. विनूभाऊ एकटेच जरा चिंताग्रस्त दिसले.

त्यांच्या ज्ञानाबद्दल मात्र शंका नको. मंडळाच्या कार्यक्रमात जेवणं झाली, बायकांचा एक घोळका झाला, पुरुषांत क्रिकेट संपलं, की विनूभाऊ खुर्ची जरा पुढे ओढतात. मग कथा सुरू होते. आधी ग्लॉकची.

व्हिएन्नाजवळ डॉइच-वाग्राम नावाचं गाव. तिथे गॅस्टन ग्लॉक नावाचा गृहस्थ पडद्याच्या दांड्या बनवायचा. (इथे विनूभाऊ थांबतात आणि यजमानांच्या खिडकीकडे बोट दाखवतात.) पुढे ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी त्यानं चाकू केले, फावडी केली. पिस्तुलाशी संबंध शून्य. १९८०च्या सुमाराला सैन्याला नवं पिस्तूल हवं होतं. यानं जाणकारांना गोळा करून तुम्हाला पिस्तुलात काय हवं ते विचारलं आणि कामाला लागला. आपलं पहिलं पिस्तूल तो डाव्या हातानं उडवून बघायचा असं सांगतात. फुटलंच तर नकाशे काढायला उजवा हात शिल्लक राहावा म्हणून! हे सांगताना विनूभाऊंचा डावा हात आपोआप वर जातो आणि डोळे पाणावतात. १९८२मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यानं ते पिस्तूल घेतलं. ग्लॉकचं ते सतरावं पेटंट, म्हणून नाव ग्लॉक १७. पडद्याच्या दांड्यावाला २०२३च्या डिसेंबरात चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारला तेव्हा अब्जाधीश होता.

त्या पिस्तुलाचा सांगाडा पॉलिमरचा, म्हणजे आपल्या भाषेत प्लॅस्टिकचा. त्यावरून अमेरिकेत हलकल्लोळ झाला: हे विमानतळावरच्या यंत्रात दिसणारच नाही! खरं तर नळी आणि वरची स्लाइड पोलादाची. यंत्राला ते व्यवस्थित दिसतं. पण १९९०च्या 'डाय हार्ड २' चित्रपटात ब्रूस विलिस 'ग्लॉक ७' नावाच्या, चिनी मातीच्या, जर्मनीत बनलेल्या पिस्तुलाचा इशारा देतो. एका संवादात तीन चुका. असं मॉडेल नाही, चिनी माती नाही, आणि देश ऑस्ट्रिया. विनूभाऊंच्या घरी हा चित्रपट आम्ही बऱ्याचदा पाहायला बसलो आहोत. तो संवाद आला की विनूभाऊ तिथेच थांबवतात. पुढे त्या विमानांचं काय होतं, ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही.

मग सिगची कथा, आणि तिचा सूर एकदम वेगळा. ऱ्हाइनच्या धबधब्याशेजारचं नॉयहाउझन, १८५३ साल, रेल्वेचे डबे बनवणारा कारखाना. पुढे स्वित्झर्लंडच्या सैन्यासाठी रायफली बनवायचं काम मिळालं आणि नाव बदलून स्विस औद्योगिक कंपनी अशा अर्थाचं झालं. त्याची आद्याक्षरं म्हणजे सिग. स्विस सरकारचे शस्त्र निर्यातीचे नियम कडक, म्हणून १९७०च्या दशकात त्यांनी जर्मनीच्या साउअर कंपनीशी हातमिळवणी केली. "आणि साउअर कधीची? १७५१ची!" इथे आवाज चढतो. "पानिपतच्या आधी दहा वर्षं! नानासाहेब पेशवे गादीवर होते!" साताऱ्याच्या माणसाला या तारखेचं जे होतं ते इतरांना समजणं कठीण. आज अमेरिकेतली सिगची पिस्तुलं न्यू हॅम्पशर राज्यात तयार होतात. मूळच्या स्विस कंपनीनं तो धंदा २०००मध्ये विकून टाकला. ती आता दुधाची आणि फळांच्या रसाची कागदी खोकी बनवते. एवढ्या घराण्यानं खोक्यांवर यावं, याचं विनूभाऊंना मनस्वी दुःख आहे. दूध ओतताना ते खोकं उलटं करून तळ वाचतात.

म्हणजे एकीकडे स्वतःच्या बळावर वर आलेला दांड्यावाला, आणि दुसरीकडे पेशवाईपासूनचं घराणं. विनूभाऊ निम्मे एकीकडे आहेत, निम्मे दुसरीकडे. वडील जिल्हा परिषदेत कारकून होते म्हणून ग्लॉक त्यांना आपला वाटतो. आणि आजोळी माळ्यावर गंजलेली का होईना तलवार होती म्हणून सिग.

ज्या दुकानात ते शनिवारी जातात, तिथे गल्ल्यामागे एक म्हातारबाबा असतात. आयुष्यभर बंदुका उडवून दोन्ही कानांत यंत्रं आली आहेत. विनूभाऊ दारात दिसले की ते काही न विचारता काउंटरवर रबरी चटई पसरतात आणि तिच्यावर दोन पिस्तुलं ठेवतात: ग्लॉक १९ आणि सिग पी-३२०. मॅगझिन काढलेलं, स्लाइड मागे ओढून अडकवलेली, नळी रिकामी असल्याचं दोघांनीही बघितलेलं. बाबांचं स्वतःचं मत तिसरंच आहे. त्यांचा जीव जॉन ब्राउनिंगच्या १९११वर. पोलादी, जड, पंचेचाळीस कॅलिबरचं. "यानं दोन महायुद्धं जिंकली," असं ते दर शनिवारी सांगतात. विनूभाऊ मान डोलावतात, पण तिसरं नाव कानात शिरू देत नाहीत. दोघांतच माणसाचं आयुष्य निघून जातं.

मग परीक्षा सुरू. विनूभाऊ डोळे मिटतात, रिकामं ग्लॉक समोरच्या विटांच्या भिंतीकडे उचलतात आणि डोळे उघडतात. नेम जरा वर गेलेला. ग्लॉकची मूठ थोडी जास्त कललेली असते. न सरावलेल्या हाताचं नाक वर जातं. सिग उचलतात. नेम सरळ. "म्हणजे सिग!" बाबा यंत्र जरा बारीक करतात, पुढचं सगळं त्यांना पाठ आहे. पण मूठ सवयीनं बसते, आणि ग्लॉकमध्ये तीन सेफ्ट्या आतल्या आत, आपोआप काम करणाऱ्या. घाबरलेल्या माणसाला खटका शोधायला नको. "म्हणजे ग्लॉक!" पण साफ करायला ग्लॉक उघडायचं तर आधी चाप ओढावा लागतो, आणि नळीत गोळी आहे का हे बघायला विसरलात तर भिंतीला भोक, नाहीतर पायाला. सिगमध्ये नुसती कळ फिरवायची. "म्हणजे सिग!" पण त्याच पी-३२०बद्दल २०१७मध्ये, खाली पडलं तर गोळी सुटू शकते असा बोभाटा झाला आणि कंपनीनं फुकट दुरुस्ती जाहीर केली. नंतर, चाप न ओढताच सुटलं, असे दावे कोर्टात गेले. कंपनीनं ते नाकारले. "म्हणजे ग्लॉक!" पण त्याच २०१७मध्ये अमेरिकेच्या लष्करानं निवडलं ते सिगच. अठ्ठावन्न कोटी डॉलरपर्यंतचं कंत्राट. ग्लॉकनं सरकारच्या हिशेबतपासणी कार्यालयाकडे दाद मागितली ती फेटाळली गेली. तो निकाल विनूभाऊंनी तळटीपांसकट वाचला आहे. पण एफबीआयनं २०१६मध्ये ग्लॉक घेतलं. पण भारतानं २०१९मध्ये सिगच्या ७२,४०० रायफली मागवल्या. "पण त्या रायफली," असं म्हणून विनूभाऊ स्वतःच स्वतःला खोडतात, कारण ते न्यायी आहेत.

दोन्ही नऊ मिलिमीटरची. दोन्हींत पंधरा-पंधरा गोळ्या. किमतीही उन्नीस-बीस. देवानं जणू विनूभाऊंसाठीच ही जोडी घडवली.

पी-३२०मध्ये आणखी एक गंमत आहे. कायद्याच्या दृष्टीनं पिस्तूल म्हणजे आतला छोटा पोलादी सांगाडा. बाहेरची मूठ, नळी, स्लाइड हवी तशी बदला, लहान करा, मोठी करा, पिस्तूल तेच. विनूभाऊंच्या मते हे सरळसरळ गीतेच्या दुसऱ्या अध्यायातून घेतलं आहे. फरक एवढाच की इथे आत्म्यावर सिरियल नंबर असतो.

घरी एक एक्सेल शीट आहे. तिच्यात रकाने आहेत, प्रत्येक रकान्याला भारांक आहे, आणि शेवटी बेरीज. वजन, मूठ, चाप, दुरुस्ती, सुटे भाग, कंपनीचा इतिहास. 'मेधाचं मत' असाही एक रकाना आहे. तो मेधावहिनींनी रिकामा ठेवला आहे. बेरीज कायम बरोबरीत. एकदा कुठल्याशा सुधारणेनंतर सिग अर्ध्या गुणानं पुढे गेलं. त्या रात्री विनूभाऊंना झोप नाही. निवड झाली होती! आता जाऊन घ्यावंच लागणार! पहाटे उठून त्यांनी 'गंज' हा नवा रकाना घातला आणि ग्लॉकच्या पोलादावरच्या प्रक्रियेला भरघोस गुण देऊन बरोबरी साधली. मग निवांत चहा घेतला.

बाकी तयारी कधीचीच पूर्ण आहे. कमरेचा जाड पट्टा आहे, साफसफाईची पेटी आहे, तेल आहे. कानावर लावायची कर्णटोपी आहे. ती वहिनी मिक्सर लावतात तेव्हा उपयोगी पडते. भिंतीत पक्की केलेली, बोटाच्या ठशानं उघडणारी तिजोरी आहे. तिच्यात सध्या चार पासपोर्ट, वहिनींच्या पाटल्या आणि एलआयसीची एक मुदत संपलेली पॉलिसी. रेंजवर जाऊन ते दोन्ही पिस्तुलं भाड्यानं घेतात आणि नेमबाजी करतात. कागदी लक्ष्यावरची भोकं फूटपट्टीनं मोजतात. दोन्ही पिस्तुलांनी ते अगदी सारखेच चुकतात, हा या सगळ्या संशोधनातला एकमेव निर्विवाद निष्कर्ष.

टेक्ससात ज्या जागी पिस्तूल घेऊन यायला मालकाची मनाई असते तिथे दारावर कायद्याच्या कलम ३०.०६चा फलक लावतात. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत, अक्षरं किमान एक इंच उंच. आपण सगळे त्याच्या शेजारून फोन बघत आत जातो. विनूभाऊ थबकतात. फलक पूर्ण वाचतात. अक्षरांच्या उंचीवर अंगठा लावून बघतात. मग उजव्या कमरेवरून हात फिरवतात आणि आत शिरतात. एकदा एका लग्नाच्या हॉलवर तर ते परत गाडीपर्यंत जाऊन आले. ठेवायला काहीच नव्हतं. पण जाऊन आले.

दसऱ्याचं मात्र सांगायला हवं. इथल्या मराठी घरांत शस्त्रपूजेला लॅपटॉप असतो, फार तर गाडीची किल्ली. विनूभाऊंच्या पाटावर दोन माहितीपत्रकं असतात, एक ग्लॉकचं, एक सिगचं. मधे नारळ. दोन्हींना हळद, दोन्हींना कुंकू, दोन्हींवर झेंडू, आणि झेंडूच्या पाकळ्यासुद्धा कमीजास्त होऊ नयेत याकडे विनूभाऊंचं बारीक लक्ष. एका वर्षी नेमकं देवाच्या उजव्या हाताला कोण, यावरून पूजा अडली. देवाचा उजवा की आपला उजवा? शेवटी त्यांनी पत्रकं एकाखाली एक ठेवली. मग वरचं कोण, हा पेच. त्या घरी जेवायला उशीर होतो तो असा. वहिनी आतून म्हणाल्या, "अहो, दोन्ही घेऊन टाका ना एकदाची! तेवढ्या पैशांचं तर तुम्ही माहितीपत्रकांवर लॅमिनेशन केलंय."

दोन्ही! विनूभाऊंचा चेहरा मी पाहिला आहे. एकादशीला कोणी साबुदाण्यात कोंबडी घालू का विचारावं, तसा झाला. "अगं, दोन्ही घेतली तर मग निवडलं काय?" वहिनींकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, आणि मला वाटतं या प्रश्नावर विनूभाऊंचं अख्खं आयुष्य उभं आहे. खेरीज, आपली खाजगी गोष्ट, ते टेक्ससमधले सगळ्यांत निर्धोक शस्त्रप्रेमी आहेत. त्यांच्या हातून अपघात व्हायचा तर आधी बेरीज चुकावी लागेल.

एकदाच त्यांची कथा बंद पडलेली मी पाहिली. ६ मे २०२३, शनिवार. ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये एका बंदूकधाऱ्यानं आठ जणांचा जीव घेतला. त्यांत लहान मुलं होती. भारतातून कोणाचे आईवडील आले की बॅगा भरायला आम्ही सगळे त्याच मॉलमध्ये जातो. पुढचे काही दिवस इथल्या देशी घरांतले फोन थांबत नव्हते. एका रात्री आमच्याच सोसायटीतला एक तरुण बाप विनूभाऊंच्या दारात उभा राहिला. आत येऊन बसलाही नाही. "काका, उद्या सकाळी जाऊन घेतो. फक्त कुठलं ते सांगा."

ज्या प्रश्नासाठी या माणसानं इतकी तपश्चर्या केली, तो प्रश्न अखेर कोणीतरी मनापासून विचारला होता. लॅपटॉप समोरच होता, शीट उघडी होती. विनूभाऊंनी ती मिटली. म्हणाले, "पंधरा दिवस थांब." तो म्हणाला, "तुमचं नेहमीचंच, काका." "नेहमीचंच आहे. तरी थांब. घरात कोणाला झोप लागत नाही, कोण गप्प गप्प असतं, पोर कुठले ड्रॉवर उघडतं, ते आधी बघ." आणि मग एक आकडा सांगितला, जो त्यांच्या कथेत कधी येत नाही: २०२१मध्ये या देशात बंदुकीनं ४८,८३० माणसं मेली, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त स्वतःच्या हातानं. तो आकडा त्यांना पाठ होता. कुठल्याशा रकान्यात कधीपासून असणार.

त्या मुलानं पंधरा दिवसांनी कुत्रा पाळला. कुठल्या जातीचा घ्यावा, हे विनूभाऊंना न विचारता.

मधल्या वर्षांत मामला अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. ग्लॉकची पाचवी पिढी २०१७मध्ये आली, मुठीवरच्या बोटांच्या खाचा गेल्या, आणि विनूभाऊंच्या जुन्या रकान्यांचे गुण रद्द झाले. २०१८मध्ये सिगनं पी-३६५ काढलं. तळहातात मावणारं, तरी मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. २०१९मध्ये ग्लॉकचं सडपातळ ४३एक्स आलं. म्हणजे आता आधी मोठं की छोटं, आणि मग ग्लॉक की सिग. शिवाय पुढची पिढी येईपर्यंत थांबलेलं काय वाईट? कंपन्याही मोठ्या समजूतदार. विनूभाऊ निर्णयाच्या जवळ आले की काहीतरी नवं काढतात.

दुकानातले बाबा मात्र खूश आहेत. शनिवारी विनूभाऊ कंपनीच्या कॉलरवाल्या टी-शर्टात काउंटरशी उभे असतात, दोन्ही पिस्तुलांविषयी बारकाईनं बोलत असतात. येणाऱ्या गिऱ्हाइकांना ते दुकानातलेच वाटतात. गिऱ्हाईक विचारतं, विनूभाऊ सांगतात. हात केवढा आहे, घरात मुलं आहेत का, कुलपाची पेटी आधी घेतलीत का, हे तेच विचारतात. बाबांनी त्यांच्यासाठी एक उंच स्टूल आणून ठेवलं आहे, आणि कानाची यंत्रं बंद करून ते मागे वर्तमानपत्र वाचतात.

गेल्या महिन्यात मी बरोबर होतो. पश्चिम टेक्ससच्या तेलविहिरींवर काम करणारा एक सहा-साडेसहा फुटी धिप्पाड गडी आला. ग्लॉक की सिग, एवढंच त्यानं विचारलं, आणि सापडला. पडद्याच्या दांड्या झाल्या, डावा हात झाला, पानिपत झालं, दुधाची खोकी झाली. गडी हलला नाही. टोपी मागे सारून शाळकरी पोरासारखा ऐकत राहिला. सगळं संपल्यावर त्यानं तो प्रश्न विचारला, जो टेक्ससात बंदुकीच्या काउंटरवर शेवटी हमखास येतोच. "ते सगळं ठीक आहे, सर. पण तुम्ही स्वतः काय बाळगता?"

विनूभाऊंनी चष्मा काढून पुसला. चटईवरच्या दोन्ही पिस्तुलांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि अत्यंत प्रामाणिकपणे, खालच्या आवाजात म्हणाले, "मी? मी गेली कित्येक वर्षं या दोघांच्या मधे आहे."

गड्यानं त्यांच्या ढगळ टी-शर्टाकडे निरखून पाहिलं. आधी डावी कमर, मग उजवी. नकळत एक पाऊल मागे सरला, डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि बाबांना हाक मारून म्हणाला, "मलाही दोन्ही द्या."